बूस्ट नियंत्रण (किट कार)

बूस्ट नियंत्रण म्हणजे टर्बोचार्जरने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवण्याची आणि परिस्थितीनुसार तो कमी-अधिक करण्याची व्यवस्था होय. वातावरणाच्या दाबापेक्षा जितका जास्त दाब इंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीत निर्माण होतो, त्यास ‘बूस्ट’ म्हणतात. तो सामान्यतः बार या एककात मोजला जातो. सुट्या भागांपासून जुळवलेल्या, वजनाने हलक्या आणि मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारीत, म्हणजेच किट कारमध्ये, हे नियंत्रण विशेष महत्त्वाचे ठरते. अशा मोटारीत शक्तीची कमतरता क्वचितच असते. ती शक्ती मागील टायरांपर्यंत किती अचानक पोहोचते, हा खरा प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

टर्बोचार्जरचे मूळ पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना १९०५ मध्ये मिळाले. प्रवासी मोटारींत त्याचा वापर १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कोर्व्हेअर यांपासून सुरू झाला. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि त्यापाठोपाठ आलेली पोर्शे ९११ टर्बो या दोन्ही मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारी होत्या. वळणाच्या मध्यावर उशिरा आणि एकदम येणाऱ्या जोरामुळे पोर्शेने अनेक अननुभवी चालकांना धडा शिकवला. फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९७७ साली टर्बो इंजिन आणले. पुढे या इंजिनांची शक्ती आवाक्याबाहेर जाऊ लागल्यावर १९८७ मध्ये अंतर्ग्रहणाच्या निरपेक्ष दाबावर ४ बारची आणि १९८८ मध्ये २.५ बारची मर्यादा घातली गेली व १९८९ पासून टर्बोवर बंदी आली.

मुंबईच्या उपनगरांचा मागील चाकांनी चालणाऱ्या मोटारींशी जुना संबंध आहे. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी आणि नंतरची ११८ एनई या दोन्ही अशाच मोटारी होत्या. पुढे देशातील बहुतेक छोट्या मोटारी पुढील चाकांनी चालू लागल्या. परिणामी हौशी बांधणीकारांना मागील धुरा, प्रोपेलर शाफ्ट व लांबीच्या दिशेने बसणारा गिअरबॉक्स यांसाठी पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा, जिप्सी अशा जुन्या वाहनांकडे वळावे लागते. कुर्ला-कालिना भागातील सीएसटी रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांची दुकाने या कामी उपयोगी पडतात.

महाराष्ट्रातील किट कारचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर १.८ एस. १९५७ च्या लोटस सेव्हन या ब्रिटिश मोटारीच्या धर्तीवर बांधलेल्या या उघड्या दोन आसनी मोटारीत अँबेसेडरमध्ये वापरले जाणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन होते. हे इंजिन टर्बोविरहित होते. टर्बो आणि मागील चाके यांचा मेळ मुंबईत दिसला तो अंधेरीशी निगडित असलेल्या डीसी डिझाइनच्या अवंतीमध्ये. दिल्लीच्या २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये सादर झालेली ही मोटार किट कार नव्हती. मात्र तिची रचना किट कारच्या बांधणीकाराला ओळखीची वाटावी अशी होती. रेनोचे २ लिटरचे, सुमारे २५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन चालकाच्या मागे बसवून त्याची शक्ती मागील चाकांना दिली होती.

वळणावरील प्रश्न

टर्बोचार्जरचे टर्बाइन उत्सर्जित वायूंवर फिरते आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर हवा दाबतो. पॅडल दाबल्यापासून टर्बाइन वेग घेईपर्यंत जो विलंब होतो त्यास ‘टर्बो लॅग’ म्हणतात. सरळ रस्त्यावर हा विलंब केवळ कंटाळवाणा असतो. वळणात मात्र चालक पॅडल दाबतो तेव्हा स्टिअरिंग एका स्थितीत असते आणि जोर येतो तेव्हा मोटार पुढे सरकलेली असते. पुढील चाकांची मोटार अशा वेळी बाहेरच्या बाजूस सरकते आणि चालकाला सावरायला थोडा अवधी मिळतो. मागील चाकांच्या मोटारीचे शेपूट निसटते. घाबरून पाय काढल्यास भार पुढे जातो, मागचे टायर आणखी हलके होतात आणि गिरकी पूर्ण होते.

हे प्रमाण एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होते. चालकासह ७७५ किलोग्रॅम वजनाची, पुढे-मागे समान भार असलेली किट कार घेऊ. टायरचा घर्षणांक १.१, चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर, चाकतळांतील अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.४५ मीटर मानू. वेग वाढताना मागे सरकणारा भार धरूनही मागचे दोन टायर सरळ रेषेत सुमारे ५,३०० न्यूटनइतकाच रेटा पेलू शकतात. पूर्ण बूस्टवर इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, २२० न्यूटन-मीटर असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये (एकूण गुणोत्तर ८) चाकांवर सुमारे ६,१०० न्यूटन रेटा येतो, म्हणजेच कोरड्या रस्त्यावर सरळ जातानाही चाके घसरतात. तिसऱ्या गिअरमध्ये (एकूण गुणोत्तर ५.६) तो ४,२०० न्यूटनच्या आसपास असल्याने टायर तो सहज पेलतात.

वळणात हिशेब बदलतो. टायरची पकड एकच असते. ती आडव्या आणि उभ्या दिशांत वाटली जाते. पकडीचा ८० टक्के भाग वळण घेण्यात खर्च होत असेल, तर पुढे ढकलण्यासाठी २० नव्हे, तर ६० टक्के उरतो, कारण दोन्ही बलांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते. भाराचे स्थलांतरही कमी होत असल्याने वरील मोटारीत हा उरलेला वाटा सुमारे २,९०० न्यूटन येतो. तिसऱ्या गिअरमध्ये याचा अर्थ इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या आत हवा. पूर्ण बूस्टवरील २२० आणि ही मर्यादा यांतील फरक भरून काढण्याचे काम एकतर चालकाच्या पायाने करायचे किंवा बूस्ट नियंत्रणाने. विलंबाने येणारा जोर पायाने मोजून घेणे अनुभवी चालकालाही अवघड जाते. ‘बूस्ट वाढवला की गाडी वेगवान’ ही गॅरेजमधील समजूत त्यामुळे फार तर सरळ रेषेतील शर्यतीपुरती खरी मानता येते.

नियंत्रणाची साधने

सर्वात साधे साधन म्हणजे वेस्टगेट. ही झडप काही उत्सर्जित वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडते. तिची स्प्रिंग ज्या दाबाला दबते तो त्या मोटारीचा किमान नियंत्रित बूस्ट असतो. वेस्टगेटकडे जाणारी दाबनळी विद्युत सोलेनॉइडने काही काळ मोकळी सोडली की झडप उशिरा उघडते व बूस्ट वाढतो. सोलेनॉइड एका सेकंदातील किती टक्के वेळ चालू ठेवायचा, हे इंजिन नियंत्रण संगणक म्हणजे ईसीयू ठरवतो.

या रचनेतून एक महत्त्वाची मर्यादा निघते: नेहमीच्या जोडणीत सोलेनॉइड बूस्ट वाढवू शकतो, स्प्रिंगच्या दाबाखाली आणू शकत नाही. ०.८ बारची कडक स्प्रिंग बसवलेल्या मोटारीत दुसऱ्या गिअरसाठी ०.४ बार मागितला तरी तो मिळत नाही. म्हणून मागील चाकांच्या हलक्या मोटारीत मऊ स्प्रिंग निवडून वरचा दाब सोलेनॉइडने मिळवणे अधिक योग्य मानले जाते. याचा आणखी एक लाभ असा की, सोलेनॉइडची वायर तुटली तर मोटार आपोआप कमी बूस्टवर येते.

बूस्टचे लक्ष्य अनेक प्रकारे ठरवता येते. गिअरनुसार बूस्ट ही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये स्प्रिंगइतकाच दाब ठेवून तो तिसऱ्यापासून वाढवला जातो. मात्र वर पाहिल्याप्रमाणे तिसऱ्या गिअरमधील लांब वळणाला ती अपुरी पडते. तेथे पॅडलच्या स्थितीनुसार बूस्ट अधिक उपयुक्त असतो: अर्ध्या पॅडलवर पूर्ण बूस्ट न देता दाब पॅडलबरोबर चढत जातो, त्यामुळे चालकाच्या पायाला अर्थ उरतो. तिसरी पद्धत दाबवाढीचा वेगच मर्यादित करण्याची आहे. दाब शिखरावर पोहोचायला थोडा अधिक वेळ लागला, तर फेरीच्या वेळेत फारसा तोटा होत नाही आणि टायरला भार घेण्यास सवड मिळते.

स्वयंचलित दुरुस्ती करणाऱ्या बंद-चक्र नियंत्रणात प्रत्यक्ष दाब मोजून सोलेनॉइड सतत सुधारला जातो. ही दुरुस्ती फार आक्रमक ठेवल्यास दाब लक्ष्याच्या वर जातो, मग खाली येतो, पुन्हा वर जातो. अशी हेलकावणारी शक्ती वळणात अतिशय धोकादायक असते. लक्ष्यापेक्षा थोडी सुस्त दुरुस्ती ट्रॅकवर बरी. मर्यादित-घसरण डिफरन्शिअल आणि चाकांच्या वेगावर आधारित कर्षण नियंत्रण ही पूरक साधने आहेत, पर्याय नव्हेत.

उष्णता व इंधन

हवा दाबली की तापते. मुंबईतील एप्रिल-मेच्या ३५ अंश सेल्सिअस तापमानात ०.५ बार बूस्टला, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, बाहेर पडणारी हवा सुमारे ८९ अंशांवर पोहोचते. १ बारला ती १३० अंशांच्या वर जाते. इंटरकूलर हे तापमान खाली आणतो, पण भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. गरम हवेमुळे इंजिनात नॉकिंग म्हणजे अनियंत्रित ज्वलन होते आणि पिस्टन काही क्षणांत निकामी होऊ शकतो. सॅबने १९८० च्या दशकाच्या आरंभी नॉकिंग ओळखून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली होती. आजच्या ईसीयूत अंतर्ग्रहण हवेच्या तापमानानुसार बूस्ट कमी करण्याची सोय असते आणि भारतात ती बंद ठेवणे शहाणपणाचे नाही.

इंधनाचा ऑक्टेन अंकही निर्णायक आहे. साध्या पेट्रोलचा अंक पूर्वी ९१ होता; इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल मुंबईसह काही शहरांत उपलब्ध केले. २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल नॉकिंगला अधिक विरोध करते, परंतु त्याचे हवा-इंधन प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ येते. म्हणजे त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते. जुन्या पंपावर व इंजेक्टरवर बूस्ट वाढवल्यास मिश्रण नेमके पूर्ण भाराच्या वेळी विरळ होते. ज्या इंधनावर इंजिन जुळवले तेच ट्रॅकवर न्यावे, असा संकेत आहे.

समुद्रसपाटीवर केलेली जुळवणी घाटमाथ्यावर तशीच लागू पडत नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅली धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा होते. सुमारे ६०० मीटर उंचीवर वातावरणाचा दाब ०.९४ बारच्या आसपास असतो. ईसीयूला निरपेक्ष १.६ बारचे लक्ष्य दिले असेल, तर मुंबईत १.५८ पट दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला तेथे १.७० पट दाबावे लागते. तो अधिक वेगाने फिरतो व हवा अधिक तापवतो.

बिघाड आणि सुरक्षा

वेस्टगेटकडे जाणारी रबरी दाबनळी निसटणे हा सर्वाधिक घातक साधा बिघाड होय. झडपेला दाब कळत नाही, ती बंद राहते आणि बूस्ट अनिर्बंध वाढतो. यावर उपाय म्हणून ठरावीक दाबावर इंजिन तोडणारी मर्यादा घालतात. मात्र वळणाच्या मध्यावर इंधन एकदम तोडले, तर पाय झटक्यात काढल्यासारखाच परिणाम होतो. म्हणून प्रज्वलन टप्प्याटप्प्याने कमी करणारी मर्यादा श्रेयस्कर. किट कारचे शरीर अनेकदा फायबरग्लासचे असते आणि ट्रॅकवर टर्बाइनचे आवरण लालबुंद होते. उष्णतारोधक कवच, धातूचे आवरण असलेल्या तेलनळ्या आणि अग्निशामक यांना त्यामुळे शोभेच्या वस्तू समजू नये. फेऱ्या संपल्यावर इंजिन लगेच बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमधील तेल जळते, म्हणून एक फेरी हळू चालवली जाते.

ट्रॅक आणि कायदा

मुंबई व उपनगरांत मोटारींसाठी कायमस्वरूपी शर्यत मार्ग नाही. कोल्हापूरजवळील मार्ग मुख्यतः कार्टिंगसाठी आहे. पूर्ण आकाराच्या मोटारीसाठी चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळील कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट असे पर्याय आहेत. चेन्नई मुंबईपासून सुमारे १,३०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे बहुतांश जुळवणी डायनोवर होते आणि डायनो नेमकी वळणाची परिस्थिती दाखवू शकत नाही. पहिल्या ट्रॅक दिवसाला स्प्रिंगच्या दाबावरच उतरून नोंदी पाहत बूस्ट वाढवणे यामुळे आवश्यक होते.

ही कसर रात्रीच्या महामार्गावर भरून काढणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मज्जाव करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. टर्बो बसवलेली किट कार म्हणूनच ट्रॅकवर ट्रेलरवरून नेली जाते.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला आहे. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये विद्याविहारच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया हा संघ सहभागी झाला आहे. या स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून घ्यावी लागते. टर्बो वापरल्यास हे छिद्र कॉम्प्रेसरच्या आधी असते. छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की त्यापुढे प्रवाह वाढत नाही, मग बूस्ट कितीही मागितला तरी कमाल शक्ती तेवढीच राहते. अशा मोटारीत टर्बो केवळ मधल्या वेगातील टॉर्क वाढवण्यासाठी उपयोगी पडतो.