काळा चष्मा आणि लेसर
‘काळा चष्मा असला की लेसरची भीती नाही’ हा समज घातक आहे. गडद काचेआड बाहुली विस्फारते आणि लेसरची नेमकी तरंगलांबी त्या काचेने अडेलच असे नाही. चष्म्याचा रंग नव्हे, त्यावर छापलेली तरंगलांबी आणि ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, पाहावी. ओडी २ असेल तर शंभरातला एक भाग प्रकाश आत येतो, ओडी ६ असेल तर दहा लाखांतला एक. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या झोताला बहुधा नारिंगी काच वापरतात. पण स्वस्त हिरव्या लेसरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त किरणही गळतात, ते ती काच खुशाल सोडून देऊ शकते. चष्म्याची तपासणी झोताची शक्ती मोजणाऱ्या पॉवर मीटरपुढे काच धरून करायची, डोळ्याला लावून कधीच नाही. अशा चष्म्यांसाठीच्या युरोपच्या ईएन २०७ मानकात तर काच थेट झोत काही सेकंद सोसते का, हेही पाहतात. लेसरचे झोत सोडणाऱ्या मिरवणुकीतल्या बघ्यांना अर्थातच चष्मे वाटता येत नाहीत. २०२३च्या गणेशविसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले होते. झोत डोळ्यांच्या उंचीवर येऊच न देणे हाच मिरवणुकीतला उपाय.