स्वीडनचा अबोल हिमवीर

स्वीडनच्या उत्तर भागांत, नॉर्वेच्या सरहद्दीपासून फार दूर नाहीं असें, टार्नाबी नांवाचें एक खेडें आहे. वस्ती कांहीं शेंकड्यांचीच. हिंवाळा लांब आणि त्यांतले दिवस आंखूड. १८ मार्च १९५६ रोजीं जन्मलेला इंगेमार स्टेनमार्क याच मुलखांत वाढला. स्की, म्हणजे बर्फावर घसरत जाण्यासाठीं पायांस बांधावयाच्या लांब चिंचोळ्या पट्ट्या, ह्या स्वीडिश लोकांना मुळींच नवीन नव्हत्या. राजा गुस्ताव्ह वासा याच्या सोळाव्या शतकांतील पलायनाची आठवण म्हणून १९२२ पासून तेथें नव्वद किलोमीटरांची शर्यत भरते. परंतु ती लांब पल्ल्याची, दमाची परीक्षा. उंच कड्यावरून खालीं झेपावण्याची विद्या ही आल्प्सच्या कुशींतील ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स व इटली या देशांची जणूं मिरासच होती. टार्नाबीच्या मुलानें या मिरासीवर आपला हक्क कसा सांगितला, आणि त्याबद्दल त्याला काय किंमत द्यावी लागली, याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे.

त्या काळीं या विद्येचे मुख्य प्रकार तीन होते. स्लालम म्हणजे दाट रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरणें. जायंट स्लालममध्यें काठ्यांचें अंतर अधिक व वळणें मोठीं. या दोहोंत दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळांची बेरीज धरतात. तिसरा प्रकार डाउनहिल. त्यांत फेरी एकच. वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या पलीकडे जातो आणि चूक जिवावर बेतूं शकते. स्टेनमार्क पहिल्या दोहोंचा उपासक होता. तिसऱ्याच्या वाटेस जाण्याची त्याला हौस नव्हती.

जागतिक चषकाची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली. तींत वर्षभर ठिकठिकाणीं शर्यती होतात व गुणांच्या बेरजेवर वर्षाचा विजेता ठरतो. १७ डिसेंबर १९७४ रोजीं इटलींतील मादोन्ना दि कांपिल्यो येथें अठरा वर्षांच्या स्टेनमार्कनें आपली पहिली शर्यत जिंकली. त्याच मोसमाच्या अखेरीस तो, इटलीचा गुस्ताव्ह ट्योनी आणि ऑस्ट्रियाचा फ्रान्झ क्लामर हे तिघेही समसमान गुणांवर आले. निकाल शेवटच्या शर्यतीवर लोंबकळला, आणि अंतिम सामन्यांत ट्योनीशीं झुंजतांना हा मुलगा पडला. पुढें मात्र १९७६, १९७७ व १९७८ असा सलग तीन वर्षें चषक त्याचाच होता.

जिंकल्यावर तो बोलत नसे. वार्ताहरांच्या प्रश्नांना दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळा होई. इकडे स्वीडनमध्यें त्याच्या शर्यतीच्या वेळीं कामें थांबत आणि शाळांतून मुलें दूरचित्रवाणीपुढें बसत. गर्जना करणाऱ्या वीरांपेक्षां असा अबोल माणूसच लोकांच्या अंतःकरणांत खोलवर जाऊन बसतो, हें नवल खरें.

१९७८-७९ चा मोसम त्याच्या पराक्रमाचा कळस. त्यानें तेरा शर्यती जिंकल्या. जायंट स्लालमच्या तर दहाच्या दहा. चेकोस्लोव्हाकियांतील यास्ना येथें दुसऱ्या क्रमांकास त्यानें चार सेकंदांहून अधिक अंतरानें मागें टाकलें. ज्या खेळांत जयापजय सेकंदाच्या शतांशानें ठरतो तेथें चार सेकंद म्हणजे एक युगच! तरीही त्या वर्षीं चषक स्वित्झर्लंडच्या पीटर ल्यूशरला मिळाला आणि स्टेनमार्क पांचवा आला. कारण हिशेबाची रीत. प्रत्येक प्रकारांतील उत्तम असे तीनच निकाल मोजावयाचे आणि डाउनहिलसह मिश्र स्पर्धेत उतरणारांस त्याचे गुण निराळे द्यावयाचे, अशी व्यवस्था होती. दोन प्रकारांत मिळणें शक्य होते तेवढे सर्व गुण, एकशें पन्नास, स्टेनमार्कनें मिळविले होते! हा नियम त्यालाच अडविण्यासाठीं केला असें पुष्कळांनीं म्हटलें. सर्वांगीण वीर निवडावयाचा तर सर्व प्रकार आले पाहिजेत, ही दुसरी बाजूही अगदींच पोकळ नव्हे. पण दहापैकीं दहा जिंकणारा पांचवा ठरावा, यांत न्याय दिसणें कठीणच.

त्यानें तक्रार करण्याऐवजीं डाउनहिलचा सराव आरंभिला. सप्टेंबर १९७९ मध्यें इटलींतील श्नाल्सटाल येथें भर वेगांत तो कोसळला. मेंदूस जबर धक्का बसून तो बेशुद्ध झाला. पांच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९८० मध्यें, अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें ऑलिंपिक सामने झाले. दोन्ही शर्यतींत पहिल्या फेरीअखेर तो आघाडीवर नव्हता. दुसऱ्या फेरींत मात्र त्यानें सर्वांस मागें सारलें आणि दोन्ही सुवर्णपदकें घरीं नेलीं.

जानेवारी १९८१ मध्यें किट्झब्यूहेलच्या भयंकर उतारावर तो पुन्हा डाउनहिलला उभा राहिला. विजेत्याच्या दहा सेकंदांहून अधिक मागें राहून तो चौतिसावा आला. मिश्र स्पर्धेच्या गुणांसाठीं एवढा खटाटोप! त्या वर्षीं फिल माहर या अमेरिकनानें चषक अवघ्या सहा गुणांनीं त्याच्या हातून नेला.

नियमांचा आणखी एक फटका बाकी होता. खेळापासून उघडपणें द्रव्यप्राप्ति करण्याचा परवाना त्यानें घेतला होता. त्या परवान्यापायीं १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकचें दार त्याला बंद झालें. लिख्टेनश्टाइनची हान्नी वेन्ट्सेल हिलाही तोच न्याय लागला. चार वर्षांनीं दार उघडलें, पण तोंवर वय बत्तिशीपाशीं आलें होतें. कॅलगरी येथें स्लालममध्यें तो पांचवा आला. १९८९ मध्यें त्यानें निवृत्ति घेतली तेव्हां नांवावर शहाऐंशी विजय होते. सेहेचाळीस जायंट स्लालमचे, चाळीस स्लालमचे, डाउनहिलचा एकही नाहीं.

हा आंकडा चौतीस वर्षें अबाधित राहिला. ११ मार्च २०२३ रोजीं, स्वीडनमधीलच ओरे येथें, अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिन हिनें सत्त्याऐंशीवा विजय मिळवून तो मागें टाकला. तिच्या विजयांत डाउनहिलही आहे. त्याच्या थोडें आधींच स्टेनमार्कनें आपल्या मितभाषी रीतीनें सांगून टाकलें होतें कीं ती आपल्याहून पुष्कळ सरस आहे. सर्व प्रकारांत इतकें प्रवीण होणें आपल्याला कधींच साधलें नसतें.