पाणंद : आडवाट नेमकी कोणाची?

रिहे गावात बोलायचं ठरलं तेव्हा आम्ही शब्दही शिवारातलाच निवडला. पाणंद. दोन्ही अंगांना बांध किंवा झाडोरा आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. विदर्भात हिलाच पांदण म्हणतात. शहरातला माणूस तिला आडवाट म्हणेल. पण बघा, एखादी वाट ‘आड’ आहे असं म्हणायला आधी हमरस्त्यावर उभं राहावं लागतं. ज्याचं भातखाचर पाणंदीच्या टोकाला आहे, त्याचा हमरस्ता तीच. लावणीला माणसं तिथूनच जायची आणि भाताची पोती तिथूनच घरी यायची.

विट्गेनश्टाइनने सांगितलं की शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या वापरात सापडतो. मग ‘पाणंद’चा वापर पाहू. ‘ही पाणंद आहे’ असं म्हटलं की ती वाट सगळ्यांची ठरते. ‘त्यांच्या रानातून जातो, ते जाऊ देतात’ असं म्हटलं की तीच वाट एका माणसाची मेहरबानी होते. चालणारे पाय तेच, पण हक्काची मुभा झाली! हा फरक नुसता शब्दांचा नाही, बरं का. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराने वाटेचा हक्क मिळतो. मात्र तो वापर हक्क म्हणून केलेला हवा, परवानगीने केलेला नव्हे.

मुळशीत जमिनींना भाव आला, फार्महाऊस आली, तारेची कुंपणं आली. कुंपण घालणारा प्रत्येक वेळी दुष्ट असतो असं नाही. अनेकदा त्याला तो शब्दच कोणी सांगितलेला नसतो. वाट अडली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्याखाली बांधावरून वाट मागता येते. २०२१ साली राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली, म्हणजे सरकारी कागदावर शब्द अजून जिवंत आहे. तो आपल्या तोंडी राहिला पाहिजे.

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर म्हाताऱ्यांना विचारा, आपल्या शिवारात पाणंदी किती होत्या आणि कुठून कुठे जात होत्या. मग गावनकाशा काढा, ताडून पाहा आणि लिहून ठेवा.