पाच लक्ष एकरांचा हिशेब

शेतीच्या इतिहासात राजे, सारा, दुष्काळ आणि बंडे ह्यांना जागा मिळते; अवजारांच्या खरेदीची यादी मात्र सहसा कोणी उघडून पाहात नाही. ह्या व्याख्यानात आम्ही अशीच एक यादी उघडणार आहोत. ती तयार झाली शिकागो शहरातील एका हॉटेलात, आणि तिच्यातील यंत्रे चालावयाची होती तेथून हजारो मैल दूर, रशियाच्या दक्षिणेकडील गवताळ मैदानात.

१९२८ च्या हिवाळ्यात तीन अमेरिकन गृहस्थ ह्या हॉटेलात एकत्र बसले. एम. एल. विल्सन हे मोंटाना संस्थानातील शेती-अर्थशास्त्राचे प्राध्यापक. दुसरे गाय रिगिन. तिसरे हॅरोल्ड वेअर हे पक्के कम्युनिस्ट. १९२२ साली ते अमेरिकन ट्रॅक्टर घेऊन रशियातील पेर्म प्रांतात गेले होते आणि त्या कामाबद्दल लेनिनने आभारही मानले होते. ह्या तिघांनी सुमारे दोन आठवड्यांत पाच लक्ष एकर गव्हाच्या शेतीची योजना कागदावर उतरवली: ट्रॅक्टर किती, नांगर किती, पेरणीची यंत्रे किती, कापणी-मळणी एकदम करणारी कंबाईन यंत्रे किती, माणसे किती आणि त्यांची घरे कोठे. ज्या जमिनीसाठी हे सारे चालले होते ती खोलीच्या खिडकीतून दिसत नव्हती, ह्यात त्यांना फारसे वावगे वाटले नाही. पाऊस, थंडी आणि माती ह्यांचे आकडे मोंटानाशी जुळत होते, आणि मोंटाना त्यांना तळहातासारखा ठाऊक होता.

हा आत्मविश्वास कोठून आला हे समजण्यास त्याच मोंटानातील टॉमस कँबेल ह्यांच्याकडे वळले पाहिजे. हे गृहस्थ शिक्षणाने इंजिनिअर. शेती म्हणजे नऊ भाग इंजिनिअरिंग आणि एक भाग शेतकी, असे ते सांगत. १९१८ साली, महायुद्धात गव्हाची टंचाई असताना, त्यांनी जे. पी. मॉर्गन आदी सावकारांकडून वीस लक्ष डॉलर उभे केले, क्रो ह्या मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखातील जमिनी हार्डिन गावाजवळ पट्ट्याने घेतल्या आणि अवजड ट्रॅक्टर घातले. पुढे लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली. सावकार १९२१ च्या सुमारास बाहेर पडले, आणि कँबेलांनी धंदा स्वतःच्या अंगावर घेतला. ते तगले, आणि १९२९ च्या जानेवारीत स्टालिनला सल्ला देण्यास मॉस्कोला पोहोचले. ज्या मुलखात पावसाने दगा दिला होता तेथील गणित दुसऱ्या कोरड्या मुलखास आदर्श म्हणून नेले जावे, हा योगायोग आम्हांस थोडा विनोदी वाटतो.

परंतु ते गणित होते तरी कसे? ते आपणही मांडून पाहू, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. समजा, कंबाईनचा कापण्याचा पट्टा सोळा फूट आहे आणि ते ताशी तीन मैल चालते. कागदावर तासाला ५.८ एकर कापले गेले. पण यंत्र वळते, धान्य रिकामे करते, तणाने तुंबते. म्हणून दोन-तृतीयांश धरा, म्हणजे चार एकरांच्या आत-बाहेर. दहा तासांच्या दिवसाला चाळीस एकर. गहू पिकल्यापासून दाणा झडू लागेपर्यंत पंधरा दिवस मिळतात असे माना, त्यांतील तीन पावसाचे वजा करा. एका यंत्राच्या वाट्यास ४८० एकर आले. एक लक्ष एकर गव्हाला दोनशेच्या वर यंत्रे लागतील. आणि पावसाने आणखी तीन दिवस खाल्ले तर? मग पावणेतीनशे! म्हणजे यंत्रांची संख्या ठरवणारा खरा आकडा एकरांचा नसून कोरड्या दिवसांचा आहे, आणि तो आकडा कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता खर्च. यंत्राची किंमत शंभर माना, आयुष्य दहा वर्षांचे. घसारा वर्षाला दहा. गुंतलेली रक्कम सरासरीने पन्नास, तिच्यावर सहा टक्क्यांनी व्याज तीन. हे तेरा रुपये यंत्र शेतात गेले काय किंवा छपरीत उभे राहिले काय, द्यावेच लागतात. ४८० एकरांवर पसरले तर ते हलके, २४० वर पसरले तर एकरी दुप्पट. तेल, चालकाची मजुरी आणि दुरुस्ती ही नंतरची गोष्ट. आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, बैल बसून खातो. खरे आहे, पण ट्रॅक्टरही बसून व्याज खातो, आणि त्याला गोऱ्हा होत नाही.

म्हणूनच मोठ्या क्षेत्राचा हव्यास. यंत्र महाग, तर एकर वाढवा. एकर वाढले, तर आणखी यंत्रे घ्या. रशियन सरकारला ही युक्ती फारच पटली. १९२७-२८ मध्ये शहरांसाठी धान्य मिळेना. शेतकरी ठरलेल्या भावाला विकण्यास नाखूश. तेव्हा १९२८ च्या जुलैत पक्षाने ठरविले की पडीक गवताळ भागात सरकारी धान्यशेते काढावयाची आणि चार-पाच वर्षांत त्यांच्याकडून दहा कोटी पूड, म्हणजे सोळा लक्ष टनांहून अधिक, विक्रीचे धान्य मिळवावयाचे. साल्स्कच्या मैदानात ‘गिगांत’ उभे राहिले. रोस्तोव्हच्या बाजूस ‘वेर्ब्ल्यूद’, म्हणजे ‘उंट’, ह्या नावाचे. वेर्ब्ल्यूदवर निरनिराळ्या कारखान्यांची अमेरिकन यंत्रे शेजारी शेजारी चालवून पारखली जात. विल्सनही १९२९ साली तेथे गेले.

तेथे हॉटेलातील हिशेबाची उसवण दिसू लागली. मोंटानात ट्रॅक्टर बिघडला तर चालविणारा शेतकरीच ओणवा होऊन तो दुरुस्त करी. लहानपणापासून त्याचा हात यंत्रावर बसलेला. वेर्ब्ल्यूदवर कालपर्यंत घोडा हाकणारा पोरगा आज चालक झाला होता. सुटे भाग समुद्रापलीकडून यावयाचे. एक भाग नाही म्हणून दुसरे यंत्र मोडून त्याचे अवयव काढावेत, असा प्रकार. दुरुस्तीचा खर्च अमेरिकन अनुभवावरून धरलेला असल्यामुळे तो आकडाच आधी कोसळला. शिवाय वर्षानुवर्षे गव्हावर गहू, तण माजले. १९३४ च्या पक्षपरिषदेत स्टालिनलाच म्हणावे लागले की ही शेते हाताबाहेर मोठी झाली आहेत आणि त्यांत पिकांची फेरपालट नाही. मोठी सरकारी शेते पुढे तोडून लहान केली गेली.

परंतु ह्याहून गंभीर गोष्ट त्या यादीत कधीच नव्हती. त्याच वर्षांत शेतकऱ्यांना बळजबरीने सामुदायिक शेतांत लोटले जात होते. जनावरे जमा करावी लागणार म्हणून अनेकांनी ती कापून खाल्ली. कित्येक चाऱ्यावाचून मेली. सोव्हिएट आकड्यांप्रमाणे घोडे १९२९ मध्ये सुमारे ३ कोटी ४० लक्ष होते, ते १९३३ मध्ये १ कोटी ६६ लक्ष उरले. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना १९३० च्या जूनमध्ये सुरू झाला. पण गेलेल्या घोड्यांची ओढ भरून काढण्यास त्याला वर्षे लागली. आणि १९३२-३३ चा दुष्काळ युक्रेनप्रमाणे उत्तर काकेशसमध्येही, ह्याच नव्या शेतांच्या आसपासच्या खेड्यांत, माणसे मारीत होता. कँबेलांचे पीक बुडाले तेव्हा मॉर्गनच्या वहीत तोटा लिहिला गेला. इकडे तोटा लिहावयास वहीच नव्हती. तो खेड्यांनी पोटावर सोसला.

ह्या कथेचे एक टोक आपल्या देशातही आहे. १९५५ च्या अखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात येऊन गेले, आणि सोव्हिएट सरकारने भेट दिलेल्या यंत्रांवर राजस्थानात सुरतगड येथे १५ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे तीस हजार एकरांचे यंत्रशेत सुरू झाले. यंत्रे फुकट मिळाली की व्याजाचा आकडा नाहीसा होतो. सुट्या भागांचा होत नाही. ते शेत पुढे मुख्यतः बियाणे पिकविण्याकडे वळले, १९६९ मध्ये स्टेट फार्म्स कॉर्पोरेशनकडे गेले आणि २०१४ मध्ये ते महामंडळ राष्ट्रीय बीज निगमात विलीन झाले.

अमेरिकेत मात्र त्याच गणिताला निराळे उत्तर सापडले होते. १९४४ साली, युद्धामुळे पोलादाची टंचाई असताना, मॅसी-हॅरिस कंपनीने पाचशे स्वयंचलित कंबाईन करण्याची परवानगी मिळविली. अट एकच: घेणाऱ्याने प्रत्येक यंत्राने निदान दोन हजार एकर कापले पाहिजेत. कोणाही एका शेतकऱ्याकडे बहुधा एवढी जमीन नव्हती. म्हणून ही यंत्रे टेक्सासमध्ये निघाली आणि पिकत्या गव्हाच्या मागोमाग उत्तरेकडे कॅनडाच्या सीमेपर्यंत भाड्याने कापीत गेली. त्या एका हंगामात दहा लक्ष एकरांच्या वर. पंजाबातून निघून आपल्या मराठवाड्या-विदर्भात सोयाबीन आणि गहू कापावयास येणारी हार्वेस्टर यंत्रे ह्याच रीतीने चालतात. पाच एकरांचा धनी एकराचा दर ठरवतो, बांधावर उभा राहतो, आणि तासाभरात यंत्र शेजारच्या शेतात गेलेले असते.