तोरिशिमाची पिसे

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांस पक्ष्यांवर बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. ज्या पक्ष्याची हकीकत आज सांगावयाची आहे, तिच्यात मजुरांचाही वाटा आहे आणि तो बहुधा एका ओळीत उरकला जातो, एवढेच आमचे उत्तर.

पक्ष्याचे नाव अल्बट्रॉस. कोकणपट्टीवर तो दिसत नाही, म्हणून आपल्याकडे त्याला घरगुती नावही नाही. त्याच्या बहुतेक जाती दक्षिण महासागरातल्या. त्यांतला सर्वांत मोठा जो भटक्या अल्बट्रॉस, त्याचे पसरलेले पंख साडेतीन मीटरपर्यंत भरतात. आम्ही बोलणार आहोत ते उत्तर पॅसिफिकमधल्या आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसविषयी. हाही लहान नव्हे. पंखांचा विस्तार सात फूट, अंग पांढरे, डोक्यावर सोनेरी झाक आणि चोच गुलाबी.

समुद्राच्या पृष्ठालगत वारा मंद असतो, जरा वर गेले की जोराचा. या दोन थरांतून वरखाली होत हा पक्षी पंख न हालविता शेकडो मैल जातो. खांद्यात खिळीसारखी रचना असल्याने पंख उघडे धरण्याचे श्रमही त्यास पडत नाहीत. पाणी समुद्राचेच पितो आणि जास्तीचे मीठ नाकपुड्यांवाटे टाकून देतो. पिल्लू एकदा उडाले की कित्येक वर्षे समुद्रावरच राहते. पुढे आपल्या जन्मबेटावर येऊन जोडीदार शोधते. वर्षाकाठी अंडे एकच, आणि नरमादी ते आळीपाळीने दोन महिन्यांवर उबवितात. तरुण पक्ष्यांची ही दीर्घ भटकंती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ६०० किलोमीटरवर तोरिशिमा हे ज्वालामुखीचे बेट आहे. १८८७ साली हाचिजो बेटावरचा तामाओकी हानएमोन तेथे माणसे घेऊन उतरला. मूळचा सुतार. युरोपात गाद्याउशांसाठी आणि टोप्यांसाठी पिसांना भाव होता, आणि येथे पक्ष्यांनी उतार पांढरे झालेले! बंदूक नको, जाळे नको, हातात सोटा पुरे. अंड्यावर बसलेला पक्षी उठत नसे, आणि उठला तरी धावत गेल्याशिवाय त्यास उडता येत नसे. पहिल्या पंधरा वर्षांत पन्नास लाख पक्षी मारले गेले असावेत असा अंदाज आहे.

जपानी भाषेत या पक्ष्यास 'अहोदोरी', म्हणजे मूर्ख पक्षी म्हणतात. हे नाव आम्हांस मान्य नाही. ज्या बेटावर चार पायांचा शत्रू कधी आलाच नाही, तेथे भिण्याचे कारण काय? ठेवलेल्या जागी निमूट काम करणाऱ्यास मूर्ख ठरविण्याची चाल आमच्या परिचयाची आहे.

तामाओकी श्रीमंत झाला. १९०० साली त्याने दक्षिणेकडे मिनामी दाइतो बेटावर उसाची लागवड सुरू केली. तेथे व्यवहाराला कंपनीच्याच कागदी चिठ्ठ्या चालत. म्हणजे मजुरीही कंपनीची आणि दुकानही तिचेच. इकडे तोरिशिमावर १९०२ च्या ऑगस्टमध्ये ज्वालामुखी उसळला आणि बेटावर असलेली सर्वच्या सर्व १२५ माणसे मेली. तामाओकी त्या वेळी बेटावर नव्हता. त्याचे नाव इतिहासात राहिले. त्या १२५ जणांचा मात्र बहुतेक पुस्तकांत केवळ आकडा येतो.

पुढे पुन्हा माणसे गेली, पुन्हा पिसे निघाली. १९३३ साली शिकारबंदी झाली. पण बंदी येणार याची कुणकुण लागताच आधीच्या हिवाळ्यातच सुमारे ३,००० पक्षी मारून घेण्यात आले. कायदा लागू होण्यापूर्वीच माणसे कामावरून काढून मोकळे होणारे मालक आम्हीही पाहिले आहेत, त्यामुळे याचे आम्हांस नवल वाटले नाही. १९३९ साली पुन्हा स्फोट झाला. १९४९ साली ऑस्टिन नावाच्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने शोध केला, एकही पक्षी दिसला नाही, आणि जात नष्ट झाली असे त्याने जाहीर केले.

दोनच वर्षांनी, १९५१ च्या जानेवारीत, बेटावरच्या हवामान केंद्रातले एक कर्मचारी यामामोतो शोजी यांना दहाएक पक्षी आढळले. हे आले कोठून? सोटे चालत होते तेव्हा त्या जातीचे तरुण पक्षी दूर समुद्रावर होते. त्यांच्या भटकंतीला मुकादमाचा हात पोहोचत नव्हता, म्हणून तेवढे उरले.

१९६५ साली भूकंपाच्या धक्क्यांमुळे हवामान केंद्र उठले. १९७६ पासून हासेगावा हिरोशी या प्राध्यापकांनी ते काम अंगावर घेतले. घरटी होती त्या उतारावरची राख घसरत असे आणि अंडी गडगडत. तेथे गवत लावण्यात आले. मग बेटाच्या दुसऱ्या, सौम्य उतारावर नकली पक्षी मांडले, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, आणि खरे पक्षी हळूहळू तिकडे वसले. आज त्यांची संख्या हजारांत आहे. अजून धोका आहे तो मासेमारीच्या लांब दोरांचा. आमिषावर झडप घालणारा पक्षी गळाला अडकून बुडतो. नौकेमागे रंगीत फिती सोडल्या तर तो दूर राहतो, इतका स्वस्त उपाय आहे.

तोरिशिमाचा ज्वालामुखी मात्र जागा आहे. म्हणून २००८ ते २०१२ या काळात ७० पिल्ले मुकोजिमा बेटावर नेऊन माणसांनी हाताने भरवून वाढविली. ती समुद्रावर गेली, आणि २०१६ साली त्यांपैकी एकाचे पिल्लू मुकोजिमावर दिसले.