साथीतल्या नर्सबाई आणि आपण



गेल्या महिन्यात ग्रामसंघाचं जुनं दप्तर लावायला काढलं, तेव्हा मे २०२० ची वही हाती आली. लॉकडाऊनमुळे बैठका बंद होत्या, पण हिशोब चालू होता. मास्क किती शिवले, कापड कुठून आणलं, शिलाईचे पैसे कुणाला किती दिले, सगळं पै न पै लिहिलेलं. त्याच महिन्यात उपकेंद्राच्या नर्सबाईंना भाड्याची खोली सोडावी लागली. त्याची मात्र एक ओळही वहीत नाही. खोली आमच्याच गटातल्या एका घराची होती. "घरात लहान लेकरं आहेत आणि तुम्ही रोज पेशंटात जाता," असं म्हणून त्यांना निघायला सांगितलं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. बाई पंधरा दिवस उपकेंद्रातच, औषधांच्या खोलीत झोपल्या.

ते मनातून जाईना, म्हणून या वेळच्या कार्यक्रमासाठी आम्ही मागच्या साथींची माहिती गोळा केली. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईला तेव्हा कोण जपत होतं, एवढंच शोधायचं होतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. हा रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना एवढंच दिसत होतं की घरातलं माणूस उचलून दवाखान्यात नेतात आणि ते परत येत नाही. ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथीच्या दवाखान्यावर चालून गेले. तोच दवाखाना आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखला जातो. २०२० साली मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते. दवाखान्यातल्या माणसांवर राग काढणं काही कोरोनात सुरू झालेलं नाही, मैत्रिणींनो.

त्या रागाला कारणंही होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. कायदा लहानसा, चार कलमांचा. साथ आली की सरकारनं हवे ते नियम करावेत, लोकांनी ते मोडले तर शिक्षा, आणि नियमाप्रमाणे काम करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असा त्याचा मतलब. पुण्यात गोरे सोजीर घराघरात शिरून झडत्या घेऊ लागले. बायकांना परक्या पुरुषांसमोर तपासणीला उभं केलं म्हणून लोक पेटून उठले. म्हणजे अंमलदाराला कोर्टापासून संरक्षण मिळालं. पण रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईवर कुणी हात उगारला तर काय, तिला रोग लागला तर तिच्या लेकरांचं काय, याबद्दल त्या चार कलमांत काहीच नव्हतं.

त्याच दिवसांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचं पोर प्लेगनं फणफणलेलं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन मळ्यात आणलं. त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. कायदा होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले. आम्ही दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. शाळेचं सांगतो, शेणगोळ्यांचं सांगतो, पण हा मळ्यातला दवाखाना भाषणात फारसा येत नाही.

तेव्हा चांगल्या घरची बाई नर्स होत नाही, अशी समजूत होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, हे घरच्यांना चालत नसे. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. एकदा बक्षीस समारंभात अशी एक केशवपन केलेली तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा कॉलेजातल्या पोरांनी हुर्यो केली, असं सांगतात. रमाबाईंनी त्या शिकलेल्या पोरांना तिथल्या तिथे चांगलं सुनावलं. आम्हाला यातलं वसतिगृहाचं काम फार मोलाचं वाटतं. सेवासदननं शिकणाऱ्या बायकांना एकत्र राहायला जागा दिली. ज्या बाईला सासर नाही, माहेर घेत नाही आणि शेजारी नावं ठेवतात, तिला रात्री पाठ टेकायला जागा आणि बरोबरीच्या चार जणी मिळाल्या. आमच्या नर्सबाईंना आम्ही नेमकी तीच जागा नाकारली होती.

नर्स बायका स्वतःही एकत्र येत होत्या. १९०८ साली देशातल्या प्रशिक्षित नर्सची संघटना उभी राहिली. दहाच वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ मुंबईच्या बंदरातून आत आली आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हाही तो १८९७ चा कायदा तसाच होता.

तो बदलायला १२३ वर्षं लागली. १ एप्रिल २०२० ला इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगड पडले. त्या पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. ठिकठिकाणी घरमालक नर्सना घराबाहेर काढत होते. २२ एप्रिलला केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि सप्टेंबरात संसदेनं त्याचा कायदा केला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. गंभीर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षं आणि एक ते पाच लाख. पोलिसांनी तपास ३० दिवसांत संपवायचा. यात डॉक्टर आणि नर्स आहेतच, गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्तेही आहेत, म्हणजे आपल्या आशाताईसुद्धा. आणि नीट ऐका, मारहाण म्हणजेच हिंसा असं तिथे म्हटलेलं नाही. त्रास देऊन कर्मचाऱ्याचं राहणं किंवा काम अवघड करणं आणि तिला कामापासून रोखणं, हेही त्यात धरलं आहे. आमच्याकडची गोष्ट मे महिन्यातली. म्हणजे वटहुकूम निघालेला होता, आमच्या कानावर मात्र आला नव्हता.

साथ नसतानाही महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. दवाखान्यात डॉक्टर-नर्सवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागते.

कोरोनात काम करताना मृत्यू आला तर ५० लाखांचा विमा, हेही केंद्रानं मार्च २०२० मध्ये जाहीर केलं आणि त्यात आशाताईंना धरलं. रोजच्या कामाच्या मोबदल्यासाठी मात्र भांडावंच लागलं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशाताई संपावर गेल्या. आठवडाभरात सरकारनं मानधन हजार रुपयांनी वाढवलं आणि वर पाचशे रुपये कोरोना भत्ता दिला. आमच्या गावची आशाताईही त्या संपात होती. "कामं सोडून ही कुठे निघाली," असं आमच्यातल्याच दोघी-तिघी म्हणाल्या होत्या. दारोदार जाऊन आपलं तापमान तिनंच मोजलं होतं, हे तेव्हा कुणाला आठवलं नाही.

ही सगळी माहिती आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवली. ज्यांनी खोली सोडायला लावली होती त्या वहिनी आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला भीती वाटत होती गं. कुणी माझ्याशी बोललं असतं तर मी थांबले असते." त्यांचंही खरं आहे. त्यांच्याकडे जाऊन बसायला आमच्यापैकी कुणी गेलंच नव्हतं.

त्या दिवशी ठराव झाला तो असा. नर्सबाईंना किंवा आशाताईंना रात्री बाळंतिणीसाठी जावं लागलं तर सोबत जाणाऱ्या दोघींची नावं महिन्याच्या बैठकीत ठरवायची. साथ आली आणि त्यांची राहण्याची अडचण झाली तर ग्रामसंघाच्या कार्यालयाची मागची खोली द्यायची, दोन वेळचा डबा पाळीनं. त्यांच्या अंगावर कुणी गेलं तर ११२ ला फोन करायचा आणि पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर किमान पाच जणींनी जायचं. मागच्या खोलीला दिवा नव्हता, तो गेल्या आठवड्यात लावला. मे २०२० च्या पानावर खाली थोडी जागा मोकळी होती. तिथे नर्सबाईंची राहिलेली गोष्ट आजची तारीख घालून लिहिली आणि त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही त्या वहिनींची आहे.