उताणे निजू नये : एका जुन्या उपदेशाचा इतिहास

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, की तिला उपदेश करण्याचा अधिकार घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीला आपोआप प्राप्त होतो. काय खावे, काय वर्ज्य करावे, ग्रहणात कोठे बसावे, हे तर तिला सांगितले जातेच. पण निजावे कसे, हेही सांगितले जाते. उताणे निजू नये, कुशीवर निजावे, आणि कूस पालटायची झाली तर आधी उठून बसावे व मग दुसऱ्या अंगावर व्हावे. एरवी नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याभोवती बसतो, असा तो उपदेश. यात तथ्य किती आणि भय किती, याचा निवाडा व्हायला शेकडो वर्षे जावी लागली.

या उपदेशाचे मूळ पुष्कळ मागे जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची एक यादी आली आहे. तीत सदैव उताणे निजणाऱ्या गर्भिणीचा उल्लेख असून, अशा स्त्रीच्या गर्भाची नाळ त्याच्या कंठाला वेढते, असे कारण दिले आहे. म्हणजे आजीच्या तोंडचा इशारा हा केवळ चुलीपाशी जन्मलेला नव्हे. त्याला ग्रंथाचा आधार आहे.

मात्र ते कारण टिकणारे नव्हते. नाळेचा वेढा ही विरळा गोष्ट नाही. चार-पाच प्रसूतींमागे एकीत तो आढळतो आणि बहुतेक वेळा त्यापासून काहीही अपाय होत नाही. गर्भ पाण्यात तरंगत, फिरत असतो. त्याच्या स्वतःच्या हालचालींनी आणि नाळ लांब असल्यास अधिक सहज, हा वेढा पडतो. आई कोणत्या कुशीवर वळली किंवा उठून न बसता वळली, याचा त्याच्याशी संबंध नाही. कारण चुकीचे ठरले. पण म्हणून उपदेशही चुकीचा ठरला काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ निघाले नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. जुन्या विद्येकडे नव्या विद्येच्या प्रकाशात पाहण्याची ती एक सुरुवात होती. परंतु निजण्याच्या रीतीचा गर्भिणीच्या रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे सुटसुटीत साधनच त्या काळी वैद्यांच्या हाती नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीतील रिव्हा-रोची यांनी 1896 साली पुढे आणले आणि रशियातील कोरोत्कॉफ यांनी 1905 साली नाडीचे ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत सांगितली. त्यानंतरच या प्रश्नाला आकडा मिळणे शक्य झाले.

दिवस भरत आलेल्या काही स्त्रिया तपासणीसाठी मेजावर उताण्या निजल्या, की काही मिनिटांत पांढऱ्याफटक पडतात, त्यांना घाम फुटतो, मळमळते, घेरी येते. आणि कुशीवर वळवताच त्या पुन्हा ताज्यातवान्या होतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले होते. जर्मनीत हान्सेन यांनी 1942 साली याविषयी लिहिले. पुढे 1953 साली अमेरिकेतील हॉवर्ड, गुडसन आणि मेन्गर्ट यांनी या विकाराला उताण्या स्थितीतील रक्तदाब-न्यूनतेचा विकार असे नाव दिले व त्याची मीमांसा केली.

ती मीमांसा समजण्यास सोपी आहे. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे परत नेणारी महाशीर पाठीच्या कण्याला लागून, किंचित उजव्या अंगाने वर जाते. तिची भिंत पातळ असते. गर्भिणी उताणी निजली, की वाढलेल्या गर्भाशयाचा सारा भार या शिरेवर पडतो आणि ती कण्याशी दाबली जाते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मग हृदयातून बाहेर पडणारेही घटते. एडिंबरो येथील केर, स्कॉट आणि सॅम्युएल यांनी 1964 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही शीर प्रत्यक्ष दाबली जात असल्याचे दाखवून दिले. बहुसंख्य स्त्रियांना याचा त्रास जाणवत नाही, कारण कण्यालगतच्या आडवाटेच्या शिरा रक्त वाहून नेतात. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रीला डावीकडे किंचित कलते ठेवण्याची रूढी या ज्ञानातूनच पुढे दृढ झाली.

पण खरा प्रश्न बाळाचा होता. त्याला हात घातला न्यूझीलंडमधील संशोधकांनी. ऑकलंड येथे, ज्यांचे मूल अखेरच्या तीन महिन्यांत पोटातच दगावले अशा 155 स्त्रिया आणि इतर 310 गर्भवती यांची तुलना करून 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डाव्या कुशीवर निजणाऱ्यांत हा धोका कमी दिसला. तेव्हापासून डावी कूस हाच जणू नियम होऊन बसला आणि रात्री जाग येताच आपण उजवीकडे वळलो आहोत हे पाहून अनेक स्त्रिया धास्तावू लागल्या. वस्तुतः धोका मुळातच थोडा होता : डाव्या कुशीवर निजणाऱ्यांत हजारी सुमारे 2, इतरांत हजारी सुमारे 4.

यानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व अन्य देशांतही अशीच तपासणी झाली. 2019 साली पाच अभ्यासांतील 851 मृतजन्म आणि 2,257 चालू गर्भारपणे यांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. 28 आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्यांत मृतजन्माचा संभव सुमारे अडीच पटींहून थोडा अधिक आढळला. डाव्या आणि उजव्या कुशीत मात्र भेद आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, तिसाव्या आठवड्यापर्यंतच्या निजण्याच्या रीतीचा कोणताही अनिष्ट परिणाम दिसून आला नाही.

अशा रीतीने जुना उपदेश अर्धा खरा ठरला. सातवा महिना सरल्यावर झोपी जाताना कुशीवर व्हावे. दोन्ही कुशी सारख्याच चांगल्या. पाठीमागे किंवा गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यास अंग सुखावते. मध्यरात्री जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे दिसले, तर घाबरू नये; पुन्हा कुशीवर व्हावे आणि निजावे. घेरी येत असेल किंवा बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

या इतिहासाचा आणखी एक धडा आहे. नाळेच्या वेढ्याच्या कल्पनेने केवळ सावधगिरी शिकवली नाही. मूल दगावलेल्या आईला तिने अपराधीही ठरवले. तू नीट वळली नसशील, हे शब्द दुःखात बुडालेल्या कित्येकींना ऐकावे लागले. आता नव्या आकड्यांनीही तेच पाप करू नये. पोटातच मूल दगावण्याची कारणे अनेक असतात, आणि एखाद्या रात्रीच्या निजण्यावरून कोणत्याही आईला दोष देण्याचा आधार या संशोधनात नाही. उपदेश पुढच्या रात्रीसाठी असतो. मागच्या रात्रीचा हिशेब मांडण्यासाठी नव्हे.